दोन माणसांच्या टेंटमध्ये दोन माणसं का मावत नाहीत

दिवाळी झाली की या पानावर येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात सगळे मोटरसायकलची चेन, ब्रेक आणि रेनकोटबद्दल विचारतात, थंडीची चाहूल लागली की टेंट. या महिन्यात तर बहुतेकांनी एकच विचारलंय, किती माणसांचा घेऊ, म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त टेंटच्या साइजवरच बोलतो.

प्रश्न : दादा, मी आणि बायको डिसेंबरमध्ये क्लासिक ३५० वरून कोकणात पाच दिवस फिरणार आहोत, मुरुड-हर्णैपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने. माझी उंची ५ फूट ११ इंच. दुकानदार म्हणतो दोघांना टू-पर्सन टेंट बास झाला, ऑफिसमधला एकजण म्हणतो फोर-पर्सनच घे, ऐसपैस झोपता येतं. सामान फार नाही, दोन हेल्मेट, दोन रायडिंग जॅकेट आणि कपडे. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

थ्री-पर्सन घ्या. कारण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढे कधी दुसरा टेंट घ्यायची वेळ आली तरी कुणाला विचारायला नको.

टेंटवर जो आकडा छापलेला असतो ना, तो म्हणजे आत तेवढ्या मॅट एकमेकींना चिकटून टाकता येतात इतकंच, सामान त्यात धरलेलंच नसतं. साध्या मॅटची रुंदी ५० ते ५५ सेंटिमीटर असते आणि टू-पर्सन म्हणून जे टेंट मिळतात त्यातल्या बऱ्याच टेंटची आतली रुंदी १३० ते १४० च्या मध्ये असते, म्हणजे दोन मॅट टाकल्या की उरले वीस-तीस सेंटिमीटर, आणि तेही सलग नाही, इकडे थोडे तिकडे थोडे. आता त्यात दोन फुल फेस हेल्मेट ठेवून बघा, एक हेल्मेट साधारण ३५ लांब आणि २५ रुंद. मग आर्मर असलेली जॅकेटं, जी कितीही दाबली तरी घडी होत नाहीत, बूट, टँक बॅग, पाण्याच्या बाटल्या. ट्रेकिंगवाल्यांचं सगळं एका सॅकमध्ये असतं, ती पायाशी टाकली की झालं, आपलं तसं नसतं, आपल्या अंगावरच निम्मं सामान असतं आणि रात्री ते सगळं उतरवून कुठेतरी ठेवायचं असतं.

मी हे भंडारदऱ्याला शिकलो. मित्र आणि मी, टू-पर्सन टेंट, जागाच नव्हती म्हणून दोन्ही हेल्मेट गाडीच्या आरशांना अडकवून बाहेर ठेवली. रात्रभर दव पडलं आणि सकाळी हेल्मेटच्या आतला स्पंज पिळता येईल इतका ओला. तसंच ओलं हेल्मेट डोक्यावर घालून पुण्यापर्यंत आलो, थंडीने कानशिलं ठणकत होती, मित्राला पुढे चार दिवस सर्दी आणि ताप. त्यानंतर मी हेल्मेटची जागा धरल्याशिवाय टेंटचा विचार केलेला नाही.

थ्री-पर्सनची आतली रुंदी साधारण १८० असते. तुमच्या दोन मॅट टाकून सत्तर-एक सेंटिमीटरची सलग पट्टी उरते, तीच तुमची खोली. हेल्मेट, जॅकेट, बूट पिशवीत घालून, सगळं त्यात.

आता तुमच्या उंचीचं. ५ फूट ११ म्हणजे १८० सेंटिमीटर. टेंटची लांबी २१० लिहिलेली असते आणि माणसाला वाटतं की एक फूट जागा जास्तच आहे, पण २१० हे जमिनीवरचं माप झालं, टेंटची भिंत आत झुकलेली असते आणि मॅट व उशी धरून तुमचं डोकं जमिनीपासून वीत-दीड वीत वर असतं, तिथे दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर गेलेली असतात. पायाकडे स्लीपिंग बॅगचा फुगवटा. म्हणजे तुम्ही झोपलात की डोकं नाहीतर पाय आतल्या कापडाला लागणारच. आणि पहाटे त्या कापडावर आपल्याच श्वासाचं पाणी जमलेलं असतं, बॅगचं टोक त्याला टेकलं की ती ओली होते. तुमच्यासारख्या उंच माणसाने २२० च्या आसपास लांबी बघावी आणि ती नाही मिळाली तर रुंद टेंट घेऊन जरा तिरकं झोपावं, थ्री-पर्सनमध्ये तेवढं तिरकं झोपता येतं, टू-पर्सनमध्ये बायकोच्या अंगावर पाय.

दुकानात जायच्या आधी एक करा. घरात फरशीवर खडूने १४० बाय २१० चा चौकोन आखा आणि शेजारी १८० बाय २१० चा. मॅट नसेल तर सतरंजी ५५ ची घडी करून टाका. मग दोघं त्यात झोपा, हेल्मेट-जॅकेट ठेवा, रात्री बाथरूमला उठायचं झालं तर कोण कुणाला ओलांडणार ते बघा. दहा मिनिटांत निकाल लागतो, आणि हे काम दुकानदार तुमच्यासाठी करणार नाही. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात काही टेंट उभे करून ठेवलेले असतात, तिथे खरंच बूट काढून आत जाऊन आडवं व्हा, लाजू नका.

मग फोर-पर्सन का नको? दोन कारणं. पहिलं म्हणजे बाहेरचा पसारा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात आतलं माप असतं, पण फ्लाय, म्हणजे टेंटवरचं बाहेरचं पावसाचं कापड, ताणली, दारापुढचा झाकलेला भाग म्हणजे व्हरांडा पुढे-मागे आला, दोऱ्या आल्या की टेंट जमिनीवर कितीतरी जास्त जागा खातो. तुम्ही कोकणात जाताय, तिथे बऱ्याचदा कुणाच्या तरी वाडीतच टेंट लावायला मिळतो आणि पोफळीच्या वाडीत झाडं साधारण २.७ मीटरवर असतात. १८० चा टेंट आणि दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटरचे व्हरांडे धरले तर ३.३ मीटर होतात, म्हणजे थ्री-पर्सनलाच जागा शोधावी लागते, फोरचं तर विचारूच नका. शक्यतो एकाच बाजूला व्हरांडा असलेला थ्री-पर्सन बघा. आणि वाडीत लावताना माडाखाली अजिबात लावू नका, कितीही सावली असली तरी, नारळ आणि झावळ वाऱ्याची वाट बघत नाहीत. मालकाला विचारलं की तो स्वतःच जागा दाखवतो, त्याचं ऐका.

दुसरं कारण गाडी. मागे बायको बसणार म्हणजे सीट गेली, उरलं छोटं कॅरियर आणि दोन सॅडल बॅग. फोर-पर्सन टेंट पाच-सहा किलोपर्यंत जातो आणि त्याचं बोचकं लांब असतं, ते पिलियनच्या पाठीमागे, चाकाच्या मध्याच्याही मागे लटकलं की पुढचं चाक हलकं होतं, कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या वळणावर गाडी तुमचं ऐकेनाशी होते. थ्री-पर्सन साडेतीन-चार किलोत बसतो.

आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय, टेंट त्याच्याच पिशवीत ठेवला पाहिजे असा काही नियम नाही. आतला टेंट आणि फ्लाय हे नुसतं कापड आहे, ते घडी न घालता कोंबून एका सॅडल बॅगमध्ये जातं. पोल वेगळे बांधा, खुंट्या दुसऱ्या बॅगच्या तळाशी. फक्त पोलची घडी केलेली लांबी विकत घेताना मोजा, कारण कापड दाबता येतं, पोल दाबता येत नाही. अॅल्युमिनियमचे पोल बरेचदा ४०-४५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत येतात आणि सॅडल बॅगमध्ये सुद्धा मावतात, स्वस्त टेंटमधले फायबरग्लासचे साठपर्यंत लांब असतात आणि ते मग आडवेच बांधावे लागतात.

शेवटची एक गोष्ट, वाळूत टेंटसोबत आलेल्या बारीक खुंट्या धरत नाहीत. चार-सहा कापडी पिशव्या न्या, त्यात वाळू भरा, दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. भरतीची रेघ बघून तिच्या बऱ्याच वर, सुरूच्या बनाकडे लावा, आणि आकाश कितीही स्वच्छ असलं तरी फ्लाय घाला, कोकणात दव पावसासारखं पडतं.

प्रश्न : मी एकटाच फिरतो, एक्सपल्स २०० आहे. पुढच्या सप्टेंबरमध्ये स्पितीला जायचं ठरतंय. वन-पर्सन टेंट दीड किलोचा मिळतोय, टू-पर्सन अडीच किलोचा. सगळे सांगतात हलका घे. शिवाय मोठा टेंट थंड पडतो म्हणे. खरं काय? (एक वाचक, नाशिक)

हलका घे हे सांगणारे ट्रेकर असणार, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत, पाठीवर आठ दिवस वाहायचं असेल तर मी पण ग्रॅम मोजेन. तुमच्या पाठीवर काही नाही. एक किलो म्हणजे एक पाण्याची बाटली, तेवढ्याने एक्सपल्सला काही कळणार नाही. गाडीवर किलोपेक्षा बोचक्याची लांबी-जाडी जास्त त्रास देते आणि त्या बाबतीत वन आणि टू-पर्सनमध्ये फार फरक नसतो.

वन-पर्सनची रुंदी बहुतेक ९० च्या आसपास, तीही काहींमध्ये डोक्याकडे ९० आणि पायाकडे ६०-७०. मॅट टाकली की हेल्मेट पायाशी, जॅकेट पोटाशी. एका रात्रीसाठी चालतं. पण स्पितीत तुम्हाला एखादा दिवस नुसतं बसून राहावं लागू शकतं, रस्ता बंद झाला, उंचीमुळे डोकं दुखतंय म्हणून पुढे जायचं नाही ठरवलं, किंवा दुपारनंतर वारा इतका सुटला की बाहेर बसवत नाही. अशा वेळी नीट उठून बसता येतं का, चेन ल्युबचा वास मारणारी पँट आत बदलता येते का, हे फार महत्त्वाचं होतं. मी एकट्यासाठी टू-पर्सनच सांगेन. तुमची उंची कमी असेल आणि सगळं सामान कुलूप लागणाऱ्या बॉक्समध्ये गाडीवरच राहत असेल तर वन-पर्सन विचारात घ्यायला हरकत नाही, बाकी कुणी घेऊ नये.

मोठा टेंट थंड पडतो यात थोडं तथ्य आहे, आतली हवा जास्त असते आणि एका अंगाने ती तापत नाही. पण खरं सांगायचं तर पातळ कापडाचा कुठलाच टेंट थंडी अडवत नाही, तो वारा आणि पाऊस अडवतो. थंडी अडवायचं काम स्लीपिंग बॅगचं, आणि त्याहून जास्त खालच्या मॅटचं, कारण जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते. तिथलं चंद्रताल तळं साधारण ४,२५० मीटरवर आहे, सप्टेंबरच्या शेवटी तिथे रात्री पाणी गोठतं, तर टेंट लहान घेऊन वाचवलेल्या पैशात मॅट चांगली घ्या असं नाही, टेंट टू-पर्सनच घ्या आणि मॅटवर आणखी पैसे घाला. तळ्याच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, कॅम्पची जागा दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहे, तिथेच लावायचा, ही विनंती पण समजा.

साइज बघताना उंचीकडे उलट्या बाजूने बघा. घरी आपल्याला उंच टेंट आवडतो, पण स्पितीत वाऱ्याला जितकं अंग द्याल तितके पोल वाकणार. आतली उंची १०० ते ११० असली की बसता येतं आणि टेंट वाऱ्यात बुटका राहतो. दार वाऱ्याच्या उलट बाजूला करा, म्हणजे चेन उघडली की आत हवा भरून टेंट फुग्यासारखा उचलणार नाही. आणि जमीन दगडगोट्यांची असते, खुंटी दोन इंचावर अडते, म्हणून खुंट्यांशिवाय पोलवर आपोआप उभा राहणारा घुमटासारखा टेंटच घ्या. बोगद्यासारखे लांबट टेंट खुंट्या ठोकल्याशिवाय उभेच राहत नाहीत. हेच आपल्या सह्याद्रीतल्या कातळाला आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्याला, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाला, लागू आहे, जांभ्यात खुंटी जात नाही, दोरी मोठ्या दगडाला गुंडाळायची.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र, चार गाड्या. सिक्स-पर्सनचा एकच मोठा टेंट चौघांत काढायचा विचार आहे, पैसे पण वाचतात आणि रात्री गप्पा पण होतात. बरोबर आहे ना? (एक वाचक, मिरज)

गप्पांसाठी बरोबर आहे. बाकी कशासाठीच नाही.

तो टेंट आठ-दहा किलोचा असतो आणि तो कुणातरी एकाच्याच गाडीवर जाणार. तो मित्र पंक्चर होऊन मागे राहिला, चुकीच्या फाट्याला वळला, किंवा घरातून फोन आला म्हणून मधूनच परत गेला तर उरलेल्या तिघांना डोक्यावर छप्पर नाही. हे होतं. चार गाड्या एकत्र निघतात आणि संध्याकाळी दोन तासांच्या फरकाने पोचतात, हे तुम्हाला माहीतच असेल.

शिवाय एवढ्या मोठ्या टेंटला सपाट जागा सापडायला हवी. कोयनेच्या बॅकवॉटरला तापोळ्याकडे किंवा भंडारदऱ्याला गेलात तर दोन मीटरची सपाट जागा दहा ठिकाणी सापडेल, चार मीटरची शोधताना अंधार पडेल. उतारावर लावला तर पहाटेपर्यंत चौघं एका कडेला.

तुम्ही दोन थ्री-पर्सन घ्या, दोघा-दोघांत एक. वजन दोन गाड्यांवर, तिसऱ्या-चौथ्या गाडीवर भांडी, स्टोव्ह आणि एक ३ बाय ३ मीटरची ताडपत्री. दोन टेंट समोरासमोर दारं करून लावायचे आणि मध्ये ताडपत्री ताणायची, की झाली तुमची गप्पांची खोली, शिवाय जो घोरतो त्याला कुठे झोपवायचं हेही ठरवता येतं. स्वयंपाक त्या ताडपत्रीखाली करा, चारी बाजूंनी वारा खेळता हवा. टेंटच्या आत स्टोव्ह किंवा शेगडी, ऊब यावी म्हणून सुद्धा, कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. टेंट कितीही मोठा असला तरी.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, ठाण्याहून एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर फिरते, हंटर ३५० आहे. मला टेंटमध्ये उभं राहून कपडे बदलता यावेत असं वाटतं, आणि सामान रात्री बाहेर ठेवायला नको वाटतं. पण उभं राहता येईल असे टेंट बघितले तर ते केवढे मोठे आहेत. मधला मार्ग आहे का? (एक वाचक भगिनी, ठाणे)

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण हा प्रश्न अनेकींना असतो आणि टेंटच्या माहितीत त्याचं उत्तर कुणी देत नाही.

उभं राहायचं म्हणजे आत निदान १७०-१८० सेंटिमीटर उंची हवी, आणि तशा टेंटचं वजन आणि लांबी खरं तर चारचाकीच्या डिकीसाठी धरलेली असते. हंटरवर तो नेता येईल, पण तुम्ही एकट्या असाल तेव्हा वाऱ्यात तो उभा करताना दोन माणसं लागतात, हे दुकानात कळत नाही. म्हणून मी म्हणेन की उभं राहण्याचा हट्ट सोडा आणि गुडघ्यावर ताठ उभं राहता येईल एवढी उंची धरा. बहुतेकांना त्याला १२० ते १३० पुरतात. गुडघ्यावर उभं राहून रायडिंग पँट निघते, कुर्ता घालता येतो, केस विंचरता येतात. घरी मोजायचं असेल तर गुडघ्यावर ताठ उभ्या राहा आणि भिंतीवर डोक्याच्या वर चार बोटं अंतर ठेवून पेन्सिलची खूण करा, ती तुम्हाला हवी असलेली टेंटची उंची. पण दुकानात माप घेताना एक लक्षात घ्या, लिहिलेली उंची ही घुमटाच्या अगदी मधोमध असते, एक हात बाजूला सरकलं की ती झपकन कमी होते. ज्या टेंटच्या भिंती आधी सरळ वर जातात आणि मग वळतात, किंवा वरती एक आडवा छोटा पोल असतो, त्यात तीच उंची जास्त कामाची ठरते.

सामानासाठी तुम्हाला व्हरांड्यापेक्षा आतली जागा हवी, कारण व्हरांडा पावसापासून वाचवतो, माणसापासून किंवा कुत्र्यापासून नाही. कोकणात आणि घाटावर गावाजवळ कुत्री येतातच, बूट नेतात, खाण्याची पिशवी फाडतात. म्हणून एकट्यासाठी आतून १४०, मैत्रीण असेल तर १८०. दोन टेंट घ्यायचे नसतील तर १८० चाच एक घ्या, एकटी असताना तो थोडा मोठा पडेल पण ते चालतं. दोन दारांचा मिळाला तर फार बरं, मैत्रिणीला न ओलांडता बाहेर जाता येतं, आणि एका दारापुढे काही झालं तर दुसरं दार आहे हा धीर झोपताना मोठा असतो. रंग भडक नको, दुरून दिसणार नाही असा मातकट किंवा हिरवा घ्या. आणि आतला टेंट पूर्ण जाळीचा नसावा, कापड जास्त आणि जाळी वरती असलेला बघा, नाहीतर आत टॉर्च लावली की बाहेरून सगळं दिसतं. दुकानात तुमच्या फोनचा टॉर्च आत ठेवून बाहेर येऊन बघा, मोकळेपणाने बघा, तुमचा हक्क आहे तो.

प्रश्न : ते फेकलं की दोन सेकंदात उघडणारे टेंट गाडीवर न्यायला कसे? (एक वाचक, लातूर)

नका नेऊ. उघडतात झटकन हे खरं, पण घडी केली की त्यांची पाऊण मीटरच्या आसपास गोल चकती होते, ती पाठीमागे आडवी बांधली तर दोन्ही बाजूंना बाहेर येते आणि उभी बांधली तर शिडासारखी वारा धरते. ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. गाडीला बांधलेलं काहीही हँडलच्या टोकांच्या बाहेर जाता कामा नये.

प्रश्न : परदेशी व्हिडिओत गाडी आत उभी राहते असे टेंट बघितले. आपल्याकडे असा घ्यावा का? माझी हिमालयन आहे, रात्री ती बाहेर ठेवायला जीव होत नाही. (एक वाचक, पुणे)

तुमची भावना कळते, माझंही पहिली काही वर्षं असंच होतं, रात्री दोनदा उठून गाडी बघायचो. पण तसा टेंट म्हणजे एक मोठा बंदिस्त व्हरांडा, त्यापायी टेंटची लांबी-रुंदी दुप्पट होते, वजन तसंच, आणि पोचल्या पोचल्या गाडी आत घ्यायची तर सायलेन्सर एवढा तापलेला असतो की कापड नुसतं टेकलं तरी वितळतं. मला याचा अनुभव आहे, गाडी चालू असताना. एका पावसाळी सहलीत ताम्हिणीत माझ्या टेंटचं बोचकं, ज्यात लांब पोल होते म्हणून मी ते सीटवर आडवं बांधलं होतं, खड्ड्यांनी हळूहळू उजवीकडे सरकलं आणि त्याचा कोपरा सायलेन्सरवर टेकला. वास आला तेव्हा थांबलो, तोवर पिशवी आणि फ्लायच्या चार घड्या आरपार. फ्लाय उघडली तर एकसारखी चार भोकं, आणि रात्रभर पाऊस. तेव्हापासून सायलेन्सरच्या बाजूला मी फक्त कातडी किंवा धातूची बॅग ठेवतो आणि बोचक्याला बंजीच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या हुकवाल्या दोरीच्या, जोडीला एक साधा पट्टा घट्ट ओढून बांधतो, कारण बंजी ताणली जाते, पट्टा नाही.

शिवाय पेट्रोलची वाफ आहे. टाकीच्या झाकणातून, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना तर जास्तच, वास येत राहतो आणि तो बंद कापडात तुमच्या नाकाशी. पेट्रोलची बाटली पण त्याच कारणाने टेंटमध्ये ठेवू नका.

तुम्ही तुमच्यापुरता टू-पर्सन घ्या आणि गाडी टेंटपासून दीड-दोन मीटरवर लावा, सायलेन्सर टेंटच्या उलट बाजूला येईल अशी. साइड स्टँड डावीकडे असतो आणि गाडी डावीकडे झुकते, म्हणून टेंट गाडीच्या उजव्या बाजूला हवा असं सगळे सांगतात, पण सायलेन्सर पण उजवीकडेच येतो, तेव्हा सोपा मार्ग म्हणजे टेंट गाडीच्या पुढच्या चाकासमोर लावायचा, ती कुठेही पडली तरी तुमच्या अंगावर येत नाही. स्टँडखाली हाताएवढा चपटा दगड ठेवा, रात्री दव पडून माती मऊ झाली की स्टँड रुततो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल लॉक, चेन-लॉक चाकातून, आणि एक बारीक दोरी चाकापासून टेंटच्या आत तुमच्या हेल्मेटला बांधा, गाडी हलली की हेल्मेट हलेल आणि तुम्हाला जाग येईल.